वीज गेल्यावरची वीज : घरगुती इन्व्हर्टरचे भूसंपर्कन आणि संरक्षण

पश्चिमेस अरबी समुद्र, दक्षिणेस उल्हास नदीची खाडी, उत्तरेस वैतरणा आणि पूर्वेस तुंगारेश्वराचे डोंगर अशा चतुःसीमेत वसई तालुका वसलेला आहे. केळीच्या आणि पानवेलीच्या वाड्या, गावोगावची बावखले, मिठागरे आणि कोळीवाडे ही या भूमीची जुनी ओळख होय. गेल्या काही दशकांत तिला दाट नागरी वस्तीची जोड मिळाली. २००९ साली वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी हा तालुका नव्याने निर्माण झालेल्या पालघर जिल्ह्यात समाविष्ट झाला. वस्ती वाढली तशी विजेची गरज वाढली, आणि त्याबरोबरच वीज खंडित झाल्यावर घर उजळत ठेवणाऱ्या इन्व्हर्टरचा वापरही वाढला.

राज्यात २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत इन्व्हर्टर ही चैनीची वस्तू राहिली नाही. विद्यार्थ्यांचा अभ्यास, आजारी माणसाचा पंखा, दुकानदाराचा हिशेब या साऱ्यांसाठी ती आवश्यक ठरली. पुढे भारनियमन ओसरले, तरी नैसर्गिक आपत्तींनी ही गरज कायम ठेवली. जुलै २०१८ मधील अतिवृष्टीत वसई, नालासोपारा व विरार परिसर जलमय झाला आणि वीजपुरवठा बंद पडला. १२ ऑक्टोबर २०२० रोजी पारेषण यंत्रणेतील बिघाडामुळे मुंबई महानगर प्रदेशाचा मोठा भाग अंधारात गेला. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळाने किनारपट्टीवरील खांब आणि तारा पाडल्या. अशा प्रत्येक प्रसंगी घरोघरच्या इन्व्हर्टरने दिलासा दिला, हे निर्विवाद आहे.

परंतु या सोयीची दुसरी बाजूही आहे. घरात पाणी शिरू लागले की जीवितहानी टाळण्यासाठी वितरण कंपनी पुरवठा बंद करते. रहिवासी समजतात की आता धोका टळला. प्रत्यक्षात नेमक्या त्याच क्षणी कोपऱ्यातील इन्व्हर्टर सुरू होतो आणि भिंतीतील तारांमध्ये पुन्हा २३० व्होल्टची वीज खेळू लागते. तळमजल्यावरील खोलीत गुडघाभर पाणी असताना ही वीज बाहेरच्या विजेइतकीच घातक ठरते. म्हणूनच इन्व्हर्टरचे भूसंपर्कन कसे असावे, त्याला कोणते संरक्षक खटके असावेत, आणि ते कोठे बसवावेत, याचे ज्ञान केवळ वीजतंत्र्यापुरते मर्यादित न राहता ते शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य आणि सामान्य कुटुंबप्रमुख यांच्यापर्यंत पोहोचणे अगत्याचे आहे.

धक्का का बसतो?

आपल्याकडील घरगुती वीज २३० व्होल्ट दाबाची व सेकंदाला ५० आवर्तनांची असते. रोहित्राजवळ तटस्थ तार, म्हणजे न्यूट्रल, जमिनीशी जोडलेली असते. त्यामुळे वीजयुक्त तारेला, म्हणजे फेजला, स्पर्श करणारा आणि जमिनीवर उभा असलेला मनुष्य नकळत मंडल पूर्ण करतो. फेजमधून त्याच्या शरीरात, शरीरातून जमिनीत आणि जमिनीतून रोहित्रापर्यंत असा प्रवाहाचा मार्ग तयार होतो.

शरीराचा रोध साधारणपणे हजार-दोन हजार ओहम धरला, तर २३० व्होल्टला शंभर ते सव्वादोनशे मिलिअँपिअर प्रवाह शरीरातून जाऊ शकतो. हा आकडा लहान वाटतो, कारण घरातील एक साधा दिवाही सुमारे तेवढाच प्रवाह घेतो. पण अर्धा मिलिअँपिअर प्रवाह माणसाला जाणवतो, दहा मिलिअँपिअरच्या आसपास स्नायू आखडून हातातील वस्तू सोडवत नाही, आणि तीस मिलिअँपिअरहून अधिक प्रवाह काही काळ टिकला तर हृदयाचे ठोके विस्कळीत होऊ शकतात. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे प्राध्यापक चार्ल्स डाल्झील यांनी या विषयावर दीर्घ संशोधन केले आणि १९६१ साली गळतीचा प्रवाह ओळखून वीज तोडणारे उपकरण तयार केले. आज घरोघरी बसविल्या जाणाऱ्या गळतीरोधक खटक्यामागे हेच तत्त्व आहे.

भूसंपर्कनाचे कार्य

भूसंपर्कन, अर्थात अर्थिंग, म्हणजे उपकरणाचे धातूचे आवरण जाड तारेने जमिनीतील धातूच्या नळीशी अथवा पत्र्याशी जोडणे. आतील फेज तार सुटून आवरणाला टेकली, तर प्रवाहाला माणसाऐवजी जमिनीत जाण्याचा सोपा मार्ग मिळावा आणि तो प्रवाह पुरेसा मोठा होऊन फ्यूज अथवा खटका तुटावा, असा यामागील हेतू आहे.

भूसंपर्कनाच्या पद्धतींसाठी भारतीय मानक क्रमांक ३०४३ उपलब्ध आहे. त्यानुसार नळीचे भूसंपर्कन करताना सुमारे ४० मिलिमीटर व्यासाची आणि किमान अडीच मीटर लांबीची जस्तलेपित नळी जमिनीत उभी पुरतात. पत्र्याच्या पद्धतीत ६० सेंटिमीटर लांबी-रुंदीचा पत्रा वापरतात. तो लोखंडी असल्यास ६.३ मिलिमीटर आणि तांब्याचा असल्यास ३.१५ मिलिमीटर जाडीचा असावा. खड्डा इमारतीच्या भिंतीपासून किमान दीड मीटर दूर घ्यावा.

मात्र नळी तीच असली तरी जमीन बदलली की परिणाम बदलतो. मातीचा विशिष्ट रोध १० ओहम-मीटर धरला, तर अडीच मीटरच्या नळीचा रोध सुमारे साडेतीन ओहम येतो. तोच १०० धरला तर ३५ ओहम, आणि खडकाळ जमिनीप्रमाणे १,००० धरला तर तो ३५० ओहमपर्यंत जातो. वसईसारख्या तालुक्यात या दोन्ही टोकांचा विचार करावा लागतो. खाडीकाठची खारट, ओली चिकणमाती वीज सहज वाहून नेते. पूर्वेकडील डोंगरपायथ्याच्या खडकाळ मुरमात तीच नळी जवळजवळ निरुपयोगी ठरू शकते. किनाऱ्यालगतची वाळू पावसाळ्यात ओली व उन्हाळ्यात कोरडी असते; तिचा रोध ऋतूप्रमाणे बदलतो. म्हणून रोधाची मोजणी एप्रिल-मे महिन्यांत, म्हणजे जमीन सर्वाधिक कोरडी असताना करणे योग्य होय. त्या वेळी समाधानकारक आढळलेले भूसंपर्कन पावसाळ्यात अधिकच चांगले काम देते.

खाऱ्या जमिनीचा एक दोषही आहे. तेथे रोध कमी मिळतो, पण लोखंड लवकर गंजते. वरून अभंग दिसणारी तार जमिनीखाली तुटलेली असू शकते. अशा ठिकाणी खड्ड्यात मीठ घालण्याची जुनी रीत लाभापेक्षा हानीच अधिक करते. तांब्याचा मुलामा दिलेली पोलादी कांब वापरणे आणि दरवर्षी सांध्यांची तपासणी करणे हा तेथील टिकाऊ उपाय आहे.

केवळ खटका पुरेसा नाही

“आमच्याकडे एमसीबी आहेत, त्यामुळे चिंता नाही,” असा समज सर्वत्र आढळतो. साध्या अंकगणिताने त्याची परीक्षा घेता येईल. घरच्या भूसंपर्कनाचा रोध १० ओहम आहे असे समजू. आवरणाला फेज टेकल्यास जमिनीत जाणारा प्रवाह २३० भागिले १०, म्हणजे फार तर २३ अँपिअर होईल. मंडलावर १६ अँपिअरचा खटका आहे. सर्वसाधारण प्रकारचा हा खटका तत्काळ तुटण्यासाठी त्याच्या क्षमतेच्या पाच ते दहा पट, म्हणजे ८० ते १६० अँपिअर प्रवाह लागतो. २३ अँपिअर हा त्याच्या क्षमतेच्या दीडपटीहूनही कमी आहे. तेवढ्यावर खटका तासभर तुटला नाही तरी तो मानकाप्रमाणे निर्दोषच ठरतो! त्या अवधीत आवरणावर जवळजवळ पूर्ण दाबाची वीज राहते.

यावरून स्पष्ट होते की एमसीबी हा तारांचा रक्षक आहे. अतिभार किंवा लघुपरिपथ झाला असता तार तापून आग लागू नये, हे त्याचे काम. माणसाचा रक्षक निराळा आहे. तो म्हणजे आरसीसीबी. बोलीभाषेत त्याला अजूनही ईएलसीबी म्हणतात. फेजने गेलेला प्रवाह आणि न्यूट्रलने परतलेला प्रवाह यांची तो सतत तुलना करतो. त्यांत ३० मिलिअँपिअर फरक पडला, याचा अर्थ तेवढी वीज वाट चुकली. आणि मग निमिषार्धात तो दोन्ही तारा तोडतो. वरील उदाहरणातील भूसंपर्कन ३५० ओहमचे असले, तरी ०.६ अँपिअरहून अधिक गळती होते आणि आरसीसीबी तुटतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षा नियमावलीतही घरगुती जोडणीसाठी गळतीरोधक उपकरणाची मर्यादा ३० मिलिअँपिअर ठेवण्यात आली आहे.

तथापि आरसीसीबीलाही मर्यादा आहेत. एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरणाऱ्यास तो वाचवू शकत नाही, कारण तेथे गळती होतच नाही. अतिभारावरही तो तुटत नाही. म्हणून भूसंपर्कन, एमसीबी आणि आरसीसीबी ही तिन्ही एकमेकांस पूरक आहेत. त्यांपैकी कोणतेही एक दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही.

इन्व्हर्टरमुळे काय बदलते?

बाहेरचा पुरवठा चालू असताना इन्व्हर्टर ती वीज तशीच पुढे जाऊ देतो व बॅटरी भारित करतो. पुरवठा गेला की आतील रिले बदलतो आणि बॅटरीच्या विजेपासून २३० व्होल्ट तयार होऊ लागतात. या क्षणी संरक्षणाची सारी गणिते तीन प्रकारे बदलतात.

पहिला बदल प्रवाहाच्या मर्यादेचा. ९०० व्होल्ट-अँपिअर क्षमतेचा इन्व्हर्टर सलगपणे सुमारे ४ अँपिअर देऊ शकतो. १६ अँपिअरच्या काय, ६ अँपिअरच्या खटक्यालाही तत्काळ तोडण्याइतका प्रवाह त्याच्याकडे नसतो. अशा वेळी इन्व्हर्टरचे स्वतःचे इलेक्ट्रॉनिक संरक्षण त्याला बंद करते. घरातील खटके येथे बहुधा प्रेक्षक राहतात.

दुसरा बदल संरक्षणाच्या जागेचा. घराच्या मुख्य फलकावरील आरसीसीबी इन्व्हर्टरच्या आधी असतो. बॅटरीवरील वीज त्याच्या पलीकडे निर्माण होते. समजा, पंख्याच्या मंडलात गळती सुरू झाली. मुख्य फलकावरील आरसीसीबी ती ओळखून तुटतो. इन्व्हर्टरला वाटते, वीज गेली. तो लगेच बॅटरीवर सुरू होतो आणि त्याच सदोष मंडलाला पुन्हा वीज पुरवू लागतो. घरातील दिवे चालूच असल्याने खटका तुटल्याचेही कोणाच्या ध्यानी येत नाही. यावर उपाय एकच : इन्व्हर्टरच्या निर्गम बाजूस, म्हणजे त्यातून बाहेर पडणाऱ्या तारांवर, स्वतंत्र ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसविणे.

तिसरा बदल न्यूट्रलच्या आधाराचा. आरसीसीबी काम करतो तो न्यूट्रल कोठेतरी जमिनीशी जोडलेली असते म्हणून. मुख्य खटक्याने दोन्ही तारा तोडल्या, अथवा वादळात खांबावरची न्यूट्रल तुटली, तर इन्व्हर्टरची वीज जमिनीच्या संदर्भाने अधांतरी राहते. तेव्हा पहिला दोष मूकपणे राहतो. ना धक्का, ना खटका. दुसरीकडे आणखी एक दोष झाला की मात्र अपघात होतो. हे टाळण्यासाठी काही इन्व्हर्टरमध्ये बॅटरीवर चालतानाच न्यूट्रल व भूतार जोडणारा रिले असतो. तो नसल्यास काय करावे, हे निर्मात्याच्या पुस्तिकेनुसार परवानाधारक वीजतंत्र्यानेच ठरवावे. प्लगच्या ठिकाणी न्यूट्रल आणि भूतार स्वतःच जोडून टाकण्याचा प्रकार अत्यंत घातक आहे. त्यामुळे नेहमीचा प्रवाह भूतारेतून वाहू लागतो, आणि बाहेरची न्यूट्रल तुटली तर घरातील प्रत्येक आवरण वीजयुक्त होते.

“इन्व्हर्टर लावल्यापासून आरसीसीबी सारखा तुटतो” ही तक्रार वारंवार ऐकू येते. बहुतांश वेळा दोष खटक्याचा नसून जोडणीचा असतो. इन्व्हर्टरची फेज स्वतंत्र नेली, पण न्यूट्रल मात्र घराच्या सामाईक पट्टीवर ठेवली, तर जाणारा प्रवाह एका मार्गाने आणि येणारा दुसऱ्या मार्गाने जातो. आरसीसीबीच्या दृष्टीने ती गळतीच ठरते. अशा वेळी कारागिराने आरसीसीबीच काढून टाकणे म्हणजे ताप दाखविणारा तापमापक फोडण्यासारखे आहे. इन्व्हर्टरवरील मंडलांची न्यूट्रल पट्टी वेगळी करणे हा खरा उपाय होय.

इन्व्हर्टरच्या आवरणाचे भूसंपर्कनही लक्षपूर्वक पाहावे. पुष्कळ घरांत ते केवळ तीन पिनांच्या प्लगवर अवलंबून असते. प्लग काढला की भूसंपर्कन सुटते. बॅटरी जोडलेली असल्याने आत २३० व्होल्ट मात्र तयार होतच राहतात. म्हणून आवरणापासून मुख्य भूपट्टीपर्यंत स्वतंत्र, कायमची तार असावी.

बॅटरीची बाजू

बारा व्होल्टच्या बॅटरीने धक्का बसत नाही, म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होते. पण ९०० व्होल्ट-अँपिअरचा इन्व्हर्टर पूर्ण भारावर तिच्याकडून सुमारे ७० अँपिअर प्रवाह ओढतो. दोन्ही टोकांवर पाना पडला, तर क्षणभरात हजारांच्या घरात प्रवाह वाहू शकतो. पाना लाल होतो, हातातील अंगठी वितळून बोट जायबंदी होते. यासाठी बॅटरीच्या धन टोकाजवळ, शक्य तितक्या कमी अंतरावर, योग्य क्षमतेचा फ्यूज असावा. खटका वापरायचा असेल तर तो एकदिश प्रवाहासाठीचाच हवा. प्रत्यावर्ती प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे खटक्यातील ठिणगी विझते. एकदिश प्रवाह शून्यावर येत नाही आणि ठिणगी जळत राहते. साधा घरगुती एमसीबी येथे चालत नाही, याचे कारण हेच.

शिसे-आम्ल बॅटरी भारित होताना हायड्रोजन वायू बाहेर पडतो. हवेत त्याचे प्रमाण चार टक्क्यांवर गेले की तो पेट घेऊ शकतो. म्हणून बॅटरी बंद कपाटात किंवा देव्हाऱ्यातील समईशेजारी ठेवू नये. तळमजल्यावरील घरांत इन्व्हर्टर व बॅटरी मागील पुराच्या खुणेपेक्षा उंच, भक्कम मांडणीवर ठेवावी.

तारेवरच्या माणसाचा विचार

पुरवठा सुरळीत करण्यासाठी भर पावसात खांबावर चढणारा महावितरणचा जनमित्र ही या साखळीतील सर्वांत असुरक्षित व्यक्ती असते. इन्व्हर्टर अथवा जनित्राची वीज दोन टोकांच्या प्लगने भिंतीतील खाचेत उलटी सोडण्याचा प्रकार काही ठिकाणी केला जातो. ती वीज मीटरमधून मागे खांबापर्यंत पोहोचते. बंद समजून तारेला हात लावणाऱ्याचा त्यात जीव जाऊ शकतो. मोठ्या जनित्राची वीज रोहित्रातून उलट गेल्यास उच्च दाबाची तारही जिवंत होते. दोन्ही पुरवठे एकाच वेळी जोडले जाणार नाहीत असा बदली खटका असल्याशिवाय अशी जोडणी कदापि करू नये.

हीच दक्षता घरातील दुरुस्तीसही लागू आहे. मेन स्विच बंद केला म्हणजे घर निर्वीज झाले, असे इन्व्हर्टर असलेल्या घरात समजता येत नाही. आधी इन्व्हर्टर बंद करावा, त्याचा प्लग काढावा, बॅटरीची बाजू तोडावी, मग मेन बंद करावा आणि तारेची मापकाने परीक्षा करूनच काम सुरू करावे. अधांतरी विजेवर साधा निऑन टेस्टर फसवा ठरू शकतो. मुख्य फलकाशेजारी “या घरात इन्व्हर्टर आहे” अशी ठळक पाटी लावणे, हा बिनखर्चाचा परंतु प्राण वाचविणारा उपाय आहे.

२०२४ साली सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेमुळे छतावरील सौर संचही वाढत आहेत. वितरण जाळ्याशी जोडलेला सौर इन्व्हर्टर पुरवठा जाताच स्वतःहून बंद पडतो. हा दोष नसून तारेवरच्या माणसासाठी केलेली योजना आहे, हे ग्राहकांना समजावून सांगणे आवश्यक आहे.

गावपातळीवर करावयाची कामे

या विषयात मोठ्या निधीपेक्षा नियमितपणाची गरज अधिक आहे. पुढील कामे पावसाळ्यापूर्वी सहज करता येण्याजोगी आहेत.

१. ग्रामपंचायत कार्यालय, शाळा, अंगणवाडी व आरोग्य उपकेंद्र येथील भूसंपर्कनाची मे महिन्यात परवानाधारकाकडून मोजणी करून तिची नोंद वहीत ठेवावी.

२. इन्व्हर्टर असलेल्या प्रत्येक सार्वजनिक इमारतीत निर्गम बाजूस ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, स्वतंत्र न्यूट्रल पट्टी आणि बॅटरीजवळ फ्यूज आहे की नाही, हे पाहावे.

३. आरसीसीबीवरील चाचणीची कळ दरमहा दाबावी. खटका न तुटल्यास तो त्वरित बदलावा. ही कळ केवळ खटक्याची परीक्षा घेते, भूसंपर्कनाची नव्हे, याचेही भान ठेवावे.

४. पुराचा इशारा मिळताच इन्व्हर्टर बंद करून बॅटरी सोडवावी, ही सूचना दवंडीत व फलकावर द्यावी. पाणी शिरल्यानंतर मात्र त्याला हात लावण्यासाठी पाण्यात उतरू नये. तारा तुटल्यास १९१२ या क्रमांकावर कळवावे.

५. शिक्षकांनी वीजयुक्त, तटस्थ आणि भूसंपर्कन या तीन तारांचा धडा शिकविताना शाळेचाच फलक विद्यार्थ्यांना दुरून दाखवावा. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील वीजतंत्री व तारतंत्री प्रशिक्षणार्थींचे साहाय्य त्यांच्या निदेशकांच्या देखरेखीखाली घेता येईल.

घरातील इन्व्हर्टरसाठी कुटुंब हजारो रुपये खर्च करते. आरसीसीबी, फ्यूज, भूतार आणि वेगळी न्यूट्रल पट्टी यांचा खर्च त्या मानाने अल्प असतो. तरीही नेमकी तीच बचत केली जाते. काळोख सुसह्य असतो, कारण त्यानंतर उजेड येतो. विजेच्या धक्क्याने गेलेले माणूस परत येत नाही. पहिला पाऊस पडण्यापूर्वी प्रत्येक घराने आपल्या फलकाचे झाकण उघडून जाणकाराकडून तपासणी करून घेतली, तर पुढील वादळात उजेड आणि जीवित दोन्ही सुरक्षित राहतील.